गोलात अर्धा पाय

कोल्हापुरात फुटबॉलवर मत द्यायला खेळता यावं लागत नाही, आणि शब्दकोडं सोडवायला स्वतःचा पेपर लागत नाही. तालमीच्या (म्हणजे फुटबॉलचा संघही बाळगणाऱ्या पेठेतल्या मंडळाच्या) कट्ट्यावर ही दोन्ही कामं एकाच पेपरवर, एकाच चहात उरकतात. त्यामुळे ‘फुटबॉल या विषयावर क्रिप्टिक क्लू, म्हणजे शब्दकोड्याचे चकवणारे इशारे, लिहा’ अशी स्पर्धा निघाली की मला वाटतं, हे तर होम ग्राउंड. शब्द पाठ, खेळाडू पाठ, ऑफसाईडवरून भांडायची सवय जन्मजात. मग कागद पुढे ओढायचा, वर ‘गोल (२)’ लिहायचं (कंसात उत्तराची अक्षरं), आणि दोन तास त्या कंसातल्या दोनाकडे बघत बसायचं.

साधा क्लू म्हणजे बातमी. ‘सामन्यात शिट्टी वाजवणारा (२)’ असं लिहिलं की बालवाडीतलं पोरही पंच म्हणून मोकळं होतं. क्रिप्टिक क्लूत वाचणाऱ्याला चकवायचं असतं, पण खोटं बोलायचं नसतं. ‘पाच जण, शिट्टी मात्र एकच (२)’. पंच म्हणजे पाच, आणि पंच म्हणजे शिट्टीवाला. वाचणारा मैदानावर पाच माणसं शोधत बसतो, हा त्याचा दोष.

क्लूचे भाग दोनच. एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ, दुसऱ्या टोकाला त्याच उत्तराकडे नेणारी शब्दांची कसरत. तिसरं काही घालायचं नाही. दोन्ही मिळून जे वाक्य दिसतं तो देखावा. गणपतीत तालमी करतात तसाच: समोरून किल्ला दिसायला हवा, मागून बांबू. बांबू दिसला तर देखावा फसला, आणि बांबूच नसला तर सगळं अंगावर येतं. माझे निम्मे क्लू पहिल्या प्रकाराने पडतात आणि निम्मे दुसऱ्या.

हा छळ मुळात साहेबाचा. कोडं छापलं अमेरिकेत, २१ डिसेंबर १९१३ ला, आर्थर विन यांनी. ते साधं होतं, लोक आनंदाने सोडवत होते. ते इंग्लंडने नेलं आणि त्याला गाठी मारल्या. लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून कोडं घालणाऱ्याने टोपणनाव घेतलं टॉर्केमाडा, हा स्पेनमधला धर्मचौकशीचा कुप्रसिद्ध अधिकारी. त्याच्यानंतर झिमेनेझ आला, तोही त्याच खात्यातला. १९७२ मध्ये अझेद आला. हे देझा (Deza) नावाच्या तिसऱ्या चौकशी अधिकाऱ्याचं इंग्रजी अक्षरांत उलटं केलेलं नाव. म्हणजे लोकांना पिळायचंच आहे, हे त्यांनी नावातच सांगून टाकलं होतं. एक शब्द द्यायचा आणि वाचकांकडून त्याचा क्लू मागवायचा, ही स्पर्धाही त्याच पानावर रुजली. कायदा मात्र रिची नावाच्या, अफ्रित म्हणून लिहिणाऱ्या गृहस्थांनी घातला. त्याचा मतलब असा: मी बोलतो ते माझ्या मनात नसेल तर चालेल, पण माझ्या मनात आहे ते मी बोललेलं असलंच पाहिजे. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थांनी पहिला अर्धा नियम पाळला, दुसरा सोडून दिला.

आता ही गाठ मराठीत मारायची. इथे पहिली ठेच लागते ती अक्षराला.

इंग्रजीत एका चौकटीत एक अक्षर बसतं. आपल्या चौकटीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षर यांच्यासकट अख्खं कुटुंब बसतं. साहेबाचा सगळ्यात सोपा डाव म्हणजे अक्षरं विस्कटून नवा शब्द करायचा. कोल्हापूरकराला त्यासाठी खूणशब्दही आयता आहे: मिसळ. पण मिसळायचं काय? ‘तालीम’ घ्या. ता, ली, म. हे कसंही फिरवा, मलीता, लीमता, मताली... कुठलाच शब्द होत नाही. मग रात्री कधीतरी वर्ण सुटे करून बघायची बुद्धी होते. त, ल, म. एक काना, एक दीर्घ वेलांटी. आणि समोर येते मालती! मा, ल, ती. तेच तीन वर्ण, तोच काना, तीच वेलांटी, फक्त जागा बदललेल्या. ‘मालती विस्कटली, मैदानात उतरली तिची पोरं (३)’ असं काहीतरी हाताशी आल्यासारखं वाटतं, छाती भरून येते.

परीक्षक विचारतात, काना मकारावरून उचलून तकारावर कुणाच्या परवानगीने ठेवलात?

प्रश्न रास्त आहे. मराठी कोड्यात चौकटीचं नाणं अक्षर आहे. आणि नाणं मोडून चिल्लर करायची, तर तसं क्लूत सांगायला हवं. म्हणून नुसतं ‘विस्कटली’ पुरत नाही. ‘मालतीचे दागिने इकडचे तिकडे झाले’ म्हटलं की चालतं, कारण काना-वेलांटी हे वर्णांचे दागिनेच. पण तोवर वाक्य लांबतं, आणि अर्थाचं टोकही अजून जुळायचं असतं. ‘मैदानात उतरली तिची पोरं’ हा तालमीचा अर्थ नव्हे, ती तालमीची तारीफ झाली. शेवटी उरतं ते हे: ‘मालतीचे दागिने इकडचे तिकडे झाले, तेही नाटकाच्या सरावात (३)’. नाटकाचा सराव म्हणजे तालीम, इथवर ठीक. पण मग यातला फुटबॉल कुठे गेला? फुटबॉल विषयाच्या स्पर्धेला नाटकाचा क्लू पाठवायचा, म्हणजे शाहू स्टेडियमवर तंबोरा घेऊन जायचं.

याहून जिव्हारी लागतो तो ‘लीग’. कोल्हापूरचा फुटबॉल गल्लीतून वर आला, पेठेपेठेतून संघ झाले, आणि गल्लीच लीगमध्ये उतरली. शब्द उलटा वाचा: ग, ली. गल्ली फिरवली की लीग! असा क्लू आयुष्यात एकदाच सुचतो. लिहून काढायचा, बघायचं, आणि मग दिसतो तो ‘ल्ल’. गल्ली उलटवली की ‘ल्लीग’ होतं. तो जादा अर्धा ल घशात अडकलेल्या माशाच्या काट्यासारखा. हिंदीतली गली चालली असती. पण कोल्हापुरात गली म्हणणाऱ्याला आधी पत्ता विचारतात. अर्धा ल काढून टाकायची सोय करता येते: ‘गल्लीतला अर्धा लाडका गळाला, उरलेली उलटून पडली साखळी स्पर्धेत’. त्यात ‘लाडका’ कशाला आला, हे समजावून सांगायला मला स्वतःला पाठवावं लागेल. फुटबॉलवर क्लू लिहिणारा प्रत्येक जण ही गल्ली एकदा तरी चढतो आणि त्याच ‘ल्ल’ला आपटून परत येतो.

दुसरी ठेच विभक्तीची. साहेबाचा शब्द वाक्यात कुठेही ठेवा, तो तसाच राहतो. आपल्या शब्दाला ‘च्या’ किंवा ‘ला’ लागलं की तो रूप बदलतो. कसरतीला ‘घोडा’ हवा असेल आणि वाक्यात ‘घोड्याच्या पोटात’ आलं, तर सोडवणाऱ्याच्या हातात घोडाही नाही आणि पोटही नाही. उपाय दोन. एक, कसरतीचा शब्द कर्ता करून सरळ रूपात उभा करायचा: ‘मैना’, ‘ठसा’. नाहीतर ‘छत्री’सारखा, ज्याचं सामान्यरूप बदलत नाही असाच शब्द धरायचा. ‘अर्धी मैना देणगीपुढे ठेवली की खेळायची जागा तयार (३)’. मैनेची पहिली निम्मी ‘मै’, पुढे दान. इथे ‘अर्ध्या मैनेला’ लिहिलं असतं तर पक्षी उडाला असता.

क्वचित विभक्तीच मदतीला येते. ‘ठसा मनात दडलेली लढत (३)’. पहिले दोन शब्द चिकटवून वाचा: ठ-सा-म-ना-त. मधे सामना दडलाय. असा क्लू सापडतो, लिहावा लागत नाही. नव्वद मिनिटं नुसतं पळणाऱ्याच्या गुडघ्याला लागून चेंडू आत जावा, तसा. तरी आक्षेप घेणारा घेतोच. ‘मनात’मधला ‘त’ एकीकडे लपवायच्या माळेत आहे आणि दुसरीकडे ‘आत’ असंही सांगतोय. एका खेळाडूला दोन जर्सी कशा? माझं म्हणणं, ‘दडलेली’ एकटी पुरेशी आहे, ‘त’ला बेंचवर बसवा.

लिंग मात्र हमखास फितुरी करतं. क्रियापदाला ‘झाली’ लागलं की उत्तर स्त्रीलिंगी, हे सोडवणाऱ्याला फुकटात कळतं. फितुराला कामाला लावायचं असेल तर ‘हार’सारखा शब्द हवा. ‘पदरात पडली तर मान खाली, गळ्यात पडला तर वर (२)’. पराभव ती हार, फुलांचा तो हार. दोन क्रियापदं, दोन लिंगं, एकच उत्तर. पराभूत कर्णधाराला शेवटी दोन्ही मिळतात, एक खरं आणि एक सांत्वनाचं.

आपली खरी श्रीमंती मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, ती साहेबाच्या बापाला मिळणार नाही. मात्रा! वैद्याची मात्रा आणि अक्षरावरची मात्रा, दोन्ही ‘लागू पडतात’. ‘छत्रीला मात्रा लागू पडली, भारतासाठी सर्वाधिक गोल मारले (२)’. छत्रीच्या छवर मात्रा दिली की छेत्री. ‘गालाला मात्रा लावली की जाळी हलते’ हाही त्याच दवाखान्यातला. गाल, त्यावर मात्रा, झाला गोल. फक्त ‘जाळी हलते’ हे वाक्य झालं आणि गोल हे नाम. अर्थाच्या टोकाला उत्तर बसवून बघायचं: ‘काल तीन जाळी हलते झाले’ असं कुणी म्हणत नाही. म्हणून ‘गालाला मात्रा लावली, वाटोळा (२)’. कोरडं झालं खरं, पण न्याय झाला. वाटोळं या शब्दाचे दोन चेहरे इथे फार उपयोगी: ‘वाटोळं करतो तरी पेठ त्याला खांद्यावर घेते’ असं लिहायचा मोह होतो. पण तिथे गोल मारणारा येतो, गोल येत नाही. मोह आवरायचा. नुसतं हे वाक्य म्हणून मात्र ते कट्ट्यावर खपतं.

एका अक्षराचे शब्द हे क्लूवाल्याचं मीठ-मसाल्याचं डबडं. इंग्रजीत दिशांची आद्याक्षरं आणि रोमन आकडे वापरतात. आपल्याकडे सात सूर आहेत, ‘की’ आहे, ‘ना’ आहे, ‘ने’, ‘घे’, ‘जा’, मे महिना आहे. ‘दुसरा सूर फुकट लावणारा शिट्टीवाला (२)’. रे आणि फ्री. सा, म, ना मिळून पुन्हा सामनाच: ‘षड्ज, मध्यम, नकार’ इतकं सरळ, पण गवयाशिवाय कुणाला पटकन दिसत नाही. गोलकीपरला गावाकडची बोली लागते: ‘वाटोळा की “पण” गावाकडचा? खांबांमध्ये उभा असतो (५)’. गोल, की, आणि गावाकडे पणला म्हणतात तो पर. करवीर तालुक्यात हा क्लू लगेच सुटेल, पुण्यात त्यावर पत्र येईल.

रेफ्रीवरून शुद्धलेखनाचा चिखल आठवला. रेफ्री दोन अक्षरी की रेफरी तीन? मेसी की मेस्सी? पेनल्टी की पेनाल्टी? दोन्ही वाचतो, दोन्ही बोलतो. परक्या भाषेतून आलेल्या शब्दाला दाखला नसतो, त्यामुळे कंसातला आकडा हाच एक पुरावा. अर्जेंटिनाच्या दहा नंबरला ‘मे महिना आणि लिंबातलं जीवनसत्त्व’ अशी मी हौसेने मोळी बांधली, की समोरच्या फ्लेक्सवर सहा फुटी अक्षरात ‘मेस्सी’ दिसतो. दोन्हीत अक्षरं दोनच, तेव्हा आकडाही वाचवत नाही. जास्तीच्या अर्ध्या सला कुठलं जीवनसत्त्व द्यायचं? आणि फुटबॉल हा मूळ शब्दच ह्रस्व फु घालून बसलाय. बारा इंचांचा फूट दीर्घ आहे, म्हणून ‘बारा इंची चेंडू’ हा सगळ्यांना सुचणारा क्लू काटेकोर परीक्षकापुढे आपटतो. ह्रस्व-दीर्घ माफ आहे का, हे स्पर्धेच्या नियमात आधी शोधावं. बहुतेक ते लिहिलेलं नसतं, आणि निकालानंतर एकदम महत्त्वाचं होतं.

परदेशी खेळाडूंमध्ये खरा दिलदार पेले. १९५८, १९६२, १९७० असे तीन विश्वचषक त्याच्या नावावर, आणि आपल्याकडे पेले म्हणजे पाणी प्यायची भांडी. ‘ब्राझीलला तीन विश्वचषक देणारी प्यायची भांडी (२)’. चषकही भांडं, पेलाही भांडं, कपही भांडं. विश्व म्हणजे जग, आणि जगात पुन्हा पाणी. फुटबॉल हा अर्धा खेळ आणि अर्धं भांड्यांचं दुकान आहे. कपावर तर डोळे मिटून लिहिता येतो: ‘फुटला तर बशी उरते, जिंकला तर मिरवणूक निघते (२)’.

आता अर्थाचं टोक. इथे कोल्हापूरचा सोडवणारा सगळ्यात वाईट, कारण त्याला खेळ येतो. ऑफसाईडला ‘बचावपटूच्या पुढे उभा’ एवढं लिहून भागत नाही. चेंडू खेळला गेला त्या क्षणी, समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात, चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोललाईनच्या जवळ, असं सगळं हवं. आणि तो प्रतिस्पर्धी बचावपटूच असायला पाहिजे असंही नाही, गोलकीपर पुढे आला तर हिशोब बदलतो. शिवाय थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर यांवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाईड नाही. हे सगळं क्लूत बसवलं तर तो क्लू राहत नाही, सतरा नियमांच्या पुस्तकातला एक नियम होतो. आणि कसरतीच्या बाजूने तरी काय आहे? ऑफ म्हणजे बंद, साईड म्हणजे बाजू. ‘बंद गाडीला बाजू द्या’. दिसायला छान, पण शब्द जिथे मुळात जोडलेला आहे तिथेच तोडला, यात कसरत कसली? खुर्चीचे पाय काढून ठेवले, सुतारकाम झालं नाही. ऑफसाईडवर मी अजून एकही क्लू पाठवलेला नाही. पेनल्टीचं अंतर ११ मीटर, गोलपोस्ट ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ उंच; आकडा घालायचा तर हाच, ‘दहा-बारा पावलं’ नाही. कार्डांचंही तसंच. ‘दोन पिवळ्यांचा एक तांबडा’ म्हटलं की कोल्हापूरकर पुढे पांढरा कुठाय विचारणार. ती कार्डं १९७० च्या मेक्सिकोतल्या वर्ल्डकपमध्ये आली, रस्सा त्याच्या आधीपासून आहे.

तालमींची नावं म्हणजे दारूगोळा, जपून हाताळायचा. ‘दिलबहारच्या शेवटी काय? (२)’ हा नियमाने निर्दोष क्लू आहे. शेवटची दोन अक्षरं बघा. उत्तर फुलांचा हार आहे असं मी शपथेवर सांगू शकतो. पण शपथ घ्यायला जिवंत राहायला हवं, म्हणून हा खिशातच ठेवायचा. त्याउलट बालगोपाल तालमीने क्लूवाल्यांवर उपकारच केलेत. बाल, मग गोपाल. आणि गोपाल म्हणजे ‘गोल’च्या पोटात ‘पा’. पा म्हणजे अर्धा पाय. ‘पोर, गोलात अर्धा पाय: कोल्हापूरचा संघ (५)’. वाचताना डोळ्यापुढे गोललाईनवर अडखळलेलं पोर उभं राहतं, आणि एकही शब्द फालतू नाही. असा एक क्लू हाती लागला की आधीचे चाळीस माफ होतात.

करायची पद्धत विचाराल तर माझी ही. शब्द कागदाच्या मधोमध, अक्षरं टिंबांनी सुटी. खाली उलटा. त्याखाली वर्ण आणि काना-मात्रा वेगळे. बाजूला त्या शब्दाचे झाडून सगळे अर्थ: शेतातले, नाटकातले, स्वयंपाकघरातले, एस.टी. स्टँडवरचे. ‘पास’ परीक्षेत होतात, बसचा काढतात, पायाने देतात. अर्थांची यादी नसेल तर यातला एसटीचा निसटतो. मग सहा ते आठ शब्दांचं वाक्य. जास्त झालं की बांबू दिसतोच. वाक्य जमलं की रात्रभर दाबून ठेवायचं, सकाळी त्यातलं एक क्रियापद हमखास खोटं बोलताना सापडतं. मग दोघांना दाखवायचं: एक कधीच सामना न बघणारा आणि एक सामन्याशिवाय काहीच न बघणारा. पहिल्याला वाक्य नैसर्गिक वाटलं पाहिजे, दुसऱ्याला अर्थ खटकता कामा नये. दोघांपैकी कुणीतरी ‘भावा, तू बरा आहेस न्हवं?’ म्हणालं तर वाट बरोबर आहे. उत्तराबरोबर एका ओळीत फोड लिहून पाठवतात. फोडीला तीन ओळी लागल्या तर पाकीट बंद करू नये.

एक प्रश्न नेहमी राहून जातो: विषय फुटबॉल म्हणजे उत्तरात की क्लूत? ‘शिट्टीवाल्याचं शरीर बघून मुहूर्त काढतात (३)’. पंचाचं अंग, पंचांग. उत्तर भिंतीवर लटकलंय, फुटबॉल वाक्यात आहे. मी दोन्ही प्रकारचे पाठवतो, परीक्षक एक प्रकार बाद करतात, कुठला ते दरवेळी वेगळं.

क्लू सुचेनासे झाले की शाहू स्टेडियमच्या गॅलरीत जाऊन बसावं. वहीची गरज नाही, तिथे लोक तोंडानेच क्लू फेकत असतात. चेंडू पायात आलेल्या पोराला मागच्या पायरीवरून कुणीतरी ओरडतं, ‘घेऊन जा, हाण!’ आणि ब्राझीलकराला हाक मारून झालेली असते (३).